बंद लाइनीवरचे जिवंत मीटर

२०२३ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. गुडघ्यांनी खांबावर चढणं केव्हाच बंद केलं होतं. अशा वयात मला कंप्यूटरच्या ऑफिसात काम मिळालं. हसू नका. आमच्या घरी सगळ्यांनी हसून घेतलं, मग गप्प बसले.

मी शिकलो सातवीपर्यंत, उज्जैनला, तीही पुरी नाही. भोपाळला येऊन वीज कंपनीत हेल्पर लागलो, लाइनमन झालो आणि लाइन इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडलो. अजून सोनागिरीतून रिक्षाने जाताना मला घरं दिसत नाहीत, खांब दिसतात. कुठला वाकडा रोवलाय, कुठल्या डीपीतून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, तेल गळतंय, हेच बघत जातो. मुलगा म्हणतो, बाबा, आता सोडा. का सोडू?

या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी फोन केला की काका, तुम्ही त्या ऑफिसात नक्की काय करता ते लिहून द्या, कुणालाच कळत नाही. मी म्हटलं लिहितो, पण शब्द बदलायचे नाहीत. त्या हो म्हणाल्या. बघू.

तर आधी वीज. आता घरोघरी नवे मीटर लागलेत. आमच्या वेळी मीटर वाचायला माणूस जायचा आणि कुत्र्याशी भांडून परत यायचा. आता मीटर स्वतःच दर पंधरा मिनिटांनी सांगतो की मी इतके युनिट खाल्ले, माझ्याकडे इतके व्होल्ट आहेत. एका घराचं असं दिवसभराचं बोलणं, आणि अशी लाखो घरं. हे सगळं बोलणं ज्या ऑफिसात जमा होतं, त्यातलं एक अयोध्या नगरात आहे. एका बाजूने बोलणं आत जातं, मशीनं ते चाळतात, जोडतात, निवडतात, आणि दुसऱ्या बाजूने कामाचं तेवढं बाहेर येतं. त्याला ते पाइपलाइन म्हणतात. पहिल्या दिवशी मी विचारलं पाइप कुठाय, तेव्हा पोरं हसली. पाइप नाहीच. नाव तेवढं आहे.

तिथले साहेब, सक्सेनाजी, घरी आले होते मला न्यायला. म्हणाले की मुलं हुशार आहेत, पण तारेला हात लावलेला एकही नाही. "आप बस बोलते जाइए, बच्चे लिख लेंगे." मी म्हटलं बोलीन, पण जसं बोलतो तसंच लिहायचं. आपल्या मनाने कापायचं नाही. हे वाक्य मी फार अकडून बोललो होतो. ते पुढे मलाच नडलं, सांगतो.

मी बोलायचो ते उलट्या विजेबद्दल. हे नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. लाइनीवर काम करायचं तर आधी सबस्टेशनवरून लाइन बंद करतात, परमिट देतात, मग लाइनमन चढतो. पण त्याच वेळी एखाद्या घरात जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल, तर त्या घरातली वीज मीटरमधून उलटी बाहेर येते आणि बंद लाइन जिवंत होते. डीपीतून उलटी गेली तर ती वर अकरा हजार व्होल्टच्या तारेत जाऊन उभी राहते. घरात पंखा फिरतोय म्हणून घरवाले खूश असतात. खांबावर माणूस आहे हे त्यांना माहीतच नसतं.

नेहरू नगरात एका लग्नघराचा जनरेटर असाच होता. माझा जोडीदार शिवप्रसाद. सबस्टेशनने सांगितलं लाइन बंद, आणि ती बंदच होती, ते खोटं नव्हतं. तो त्या शब्दावर चढला. पट्टा होता म्हणून खाली पडला नाही, वरच लटकला. मंडपात गाणी चालू होती. आम्ही त्याला उतरवला. उजव्या हाताची बोटं गेली, माणूस राहिला. आजही कधी भेटला की डाव्या हाताने चहाचा पेला धरतो आणि माझ्याकडे बघत नाही, पेल्याकडे बघतो.

त्या दिवसापासून आमच्या गँगमध्ये मी एक रीत घातली. कुणीही सांगो की तपासलंय, साहेब सांगो, बाप सांगो, आपण वर जाऊन पुन्हा टेस्टर लावायचा. दुसऱ्याने तपासलेली तार आपल्यासाठी जिवंतच. यावरून माझं लोकांशी भांडण झालं, मेमो मिळाले. पण माझ्या गँगमधलं कुणी जळलं नाही.

ऑफिसात माझं बोलणं लिहून घ्यायला मृणाल होती. इंदूरची मुलगी, आईवडील दोघे मास्तर. मराठी बोलता बोलता हिंदीत जायची आणि मला काका म्हणायची. मी एकेक नियम सांगायचो. लग्नाच्या मंडपाचा नियम वेगळा, कारण तिथे जोरदार वीज एकदम येते. चक्कीवाल्याचा वेगळा. सोनागिरीत एक गृहस्थ होते, त्यांनी आपल्या इन्व्हर्टरची वायर भिंतीतून भावाच्या घरात दिली होती आणि भावाशी बोलणं बंद होतं. वीज जायची, शब्द नाही. अशा घरात एकाचा मीटर शांत आणि शेजारचा जिवंत दिसतो, म्हणून त्याचाही एक नियम. नियम डझनाच्या वर गेले.

मशीनला काही कामं मुळातच येतात, जसं बेरीज करणं, गाळणं, रांगेत लावणं. माझे नियम त्याला येत नव्हते. म्हणून मृणालने प्रत्येक नियमाचं एक वेगळं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा, लिहिलं. ऑफिसात त्याला कस्टम फंक्शन म्हणतात, म्हणजे आपण शिवून घेतलेलं, बाजारातून तयार आणलेलं नाही. आणि प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी माझ्या सांगण्यावरून एकच काम होतं. आधी स्वतः तपासायचं. हा मीटर कुठल्या डीपीवर आहे, तो डीपी कुठल्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून निघालेल्या कुठल्या लाइनीवर आहे, फीडर त्या वेळी बंद होता का, मीटर बोलत होता का. पहिल्या नियमाने तपासलेलं दुसऱ्याने मानायचं नाही. मृणालने एकदा विचारलं होतं की प्रत्येकात परत परत कशाला. मी शिवप्रसादची गोष्ट सांगितली. तिने पुन्हा विचारलं नाही.

एका फीडरवर करून पाहिलं तर काम झकास झालं. चार घरं निघाली, चारही खरी. मी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. मग पुऱ्या शहराचं बोलणं त्यात सोडलं, आणि घोडं अडलं.

लाइनमनची गँग सकाळी निघते. आदल्या रात्रीपर्यंतचं बोलणं चाळून उत्तर तिच्या हातात सकाळी पडायला हवं, की आज ज्या लाइनीवर चढताय तिथल्या या या घरांतून उलटी वीज येऊ शकते, आधी तिकडे जा. आमचं उत्तर दुपारी यायचं. कधी संध्याकाळी. भगीरथ मीना, जो कधी माझ्या हाताखाली हेल्पर होता आणि आता सोनागिरीच्या गँगचा मुखिया आहे, तो फोन करून म्हणाला, "दादा, आपकी खबर तो बढ़िया है, बस हम तब तक चढ़के उतर चुके होते हैं." मला हे चांगलंच लागलं. कारण तो चढून उतरला होता हे नशीब. उतरला नसता तर मला कुणी टोमणा मारला असता?

सक्सेनाजींनी मशीनं वाढवली. फरक पडला, पण थोडा. मग एक दिवस सगळ्यांना बोलावून म्हणाले की महिनाअखेरपर्यंत उत्तर सकाळी आलं नाही, तर हे सगळे नियम काढून एकच सोपा नियम ठेवू. बंद लाइनीवर ज्याच्यात व्होल्ट दिसले, ते नाव बाहेर. मी म्हटलं मग अर्धं शहर बाहेर येईल, कारण कितीतरी मीटरची घड्याळं पुढेमागे असतात, लाइन गेली तरी त्यांना कळायला वेळ लागतो. लाइनमन एकदा दहा दारं उगाच ठोठावेल, दुसऱ्यांदा कागद खिशात घालेल आणि तसाच चढेल. सक्सेनाजी म्हणाले की तेही समजतं, पण दुपारी आलेलं खरं उत्तर काय कामाचं.

मग मृणालने मला शेजारी बसवून दाखवलं की वेळ कुठे जातो. मशीन आपली कामं करताना हुशारी करतं. दोन कामांपैकी जे आधी केलं तर माल कमी होईल, ते आधी करतं. जे लागणार नाही ते उघडतच नाही. पण आपलं फंक्शन त्याला बंद डब्यासारखं असतं. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून ते हुशारी सोडून देतं आणि एकेक ओळ डब्यात टाकून वाट बघत बसतं. वर आपलं फंक्शन दुसऱ्या भाषेतलं. म्हणजे प्रत्येक ओळ बांधायची, पलीकडे न्यायची, सोडायची, बघायची, पुन्हा बांधून आणायची. आणि हे डझनभर वेळा, कारण प्रत्येक नियम तेच ते तपासतो. ज्या घरांची लाइन दिवसभर गेलीच नाही, म्हणजे जवळजवळ सगळीच घरं, त्यांचीसुद्धा.

"काका, तपासणं डब्याच्या बाहेर काढते," ती म्हणाली. "एकदाच करू, मशीनच्या पद्धतीने. मग जे उरतील तेवढेच तुमच्या नियमांकडे."

मी नाही म्हटलं. का नाही, तर नाही. ती म्हणाली की खांबावर तुमचं बरोबर आहे, तिथे तार मिनिटात जिवंत होते. पण हे कालचं बोलणं आहे. झालं ते झालं.

"कालची तार आज करंट मारत नाही, काका."

मी माझा जेवणाचा डबा उचलला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. बायकोने विचारलं तब्येत बरी नाही का. मी म्हटलं तब्येतीला काय झालंय. ती म्हणाली मग तोंड का असं करून बसलात, जा की, ती मुलगी तुमच्याच कामासाठी खपते आहे. उठलो आणि ऑफिसात न जाता भगीरथची गँग कुठे काम करते आहे ते विचारून तिकडे गेलो.

अयोध्या नगरात एका वळणावर तारा बदलत होते. मी पानाच्या टपरीच्या सावलीत उभा राहिलो. भगीरथ वर गेला, टेस्टर लावला, आपल्या डोळ्यांनी बघितलं. मग कामाच्या दोन्ही टोकांना अर्थिंग लावलं, म्हणजे तारा जमिनीला बांधल्या, आता कुठूनही वीज आली तरी ती जमिनीत जाईल. मग तीन माणसं मधल्या भागात चढली आणि कामाला लागली. कुणी दर गाठीला टेस्टर काढत नव्हतं. काढायचं कारणच नव्हतं. दोन टोकं बांधल्यावर मधली जागा सगळ्यांची. हे मी स्वतः हजार वेळा केलंय. मीच भगीरथला शिकवलंय. रीत पहिल्या माणसाने स्वतः तपासायची आहे, आणि मी ती मशीनला सांगताना प्रत्येक गाठीला टेस्टर लावायला सांगितला होता.

मी चुकलो असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मृणालला जाऊन सांगितलं, तपासणं बाहेर काढ, पण त्याला नाव अर्थिंग दे. ती म्हणाली, "ठीक आहे ना, काका. नाव तुमचं." आणि खरंच प्रोग्रॅममध्ये तेच नाव आहे. नवीन पोरं येतात, विचारतात हे काय, आणि तिला सगळी गोष्ट सांगावी लागते.

मग ती कामाला लागली. बंद फीडरवरची घरं आधीच वेगळी काढली, मशीनच्या आपल्या गाळणीने. ढिगाचं मूठभर झालं. कुठला मीटर कुठल्या डीपीवर, ही माहिती फंक्शन दर ओळीला नव्याने शोधत होतं. ती आता प्रत्येक मशीनला सुरुवातीलाच एकदा देऊन ठेवली. चार नियम असे निघाले की ते मशीनच्या स्वतःच्या भाषेत सांगता येतात, त्यांचे डबेच मोडले. उरलेल्यांना एकेक ओळ न देता गठ्ठ्याने ओळी द्यायला लागली, म्हणजे बांधाबांध गठ्ठ्याला एकदा. मला यातलं लिहिता येत नाही. पण कुठलं काम का केलं, हे मी प्रत्येक वेळी विचारून घेतलं आणि तिने प्रत्येक वेळी सांगितलं. एकदाही कंटाळली नाही असं नाही. एकदा म्हणाली, "काका, आता थोडं मला करू तरी देता का?"

उत्तर सकाळच्या आत यायला लागलं. आम्ही ऑफिसात पोहोचायच्या आधी तयार. सक्सेनाजींनी हात मिळवला.

पण मृणालने एक पद्धत ठेवली होती, ती मला फार आवडली. जुनं आणि नवं दोन्ही एकाच दिवसाच्या बोलण्यावर चालवायचं आणि निघालेली घरं समोरासमोर ठेवायची. त्यात जुन्यात एक घर जास्त होतं. सोनागिरीतलं. नव्यात ते नव्हतं. सक्सेनाजी म्हणाले की पुऱ्या शहरात एक घर, एवढं चालतं, जुनंच चुकलं असेल. महिना संपत आला होता, त्यांचंही खोटं नव्हतं.

मी म्हटलं की ते एक घर म्हणजे एक खांब. त्या खांबावर कोण चढतं ते मला माहीत आहे, तुम्हाला नाव सांगू का. मृणालने खुर्ची ओढली आणि म्हणाली की सर, मलापण कळलं पाहिजे, नाहीतर मी हे पुढे देणार नाही.

दुपार त्यात गेली. ती त्या घराच्या ओळी एकेक करून बघत होती, मी शेजारी. लाइन गेल्यावर त्या मीटरच्या बहुतेक ओळी नव्हत्याच, आणि मध्ये एक ओळ आली होती, पण व्होल्टच्या जागी काहीच नाही, रिकामी जागा. मशीनच्या गाळणीला आम्ही सांगितलं होतं की व्होल्ट शून्याच्या वर असतील ती घरं ठेव. रिकाम्या जागेला ती ना वर म्हणते ना खाली, गुपचूप टाकून देते. जुन्या फंक्शनमध्ये रिकाम्या जागेची वेगळी सोय होती. मीच कधी बोललो असेन, तिनेच लिहिली होती, आणि दोघे विसरलो होतो.

ती त्या ओळीकडे बघत राहिली.

"लाइन जाऊन तास झाला होता, काका," ती म्हणाली. "रिकामी ओळ पाठवायलासुद्धा मीटरला वीज लागते ना? मग ती दिली कुणी?"

एवढी वर्षं मी जळलेल्या तारा बघितल्या, पण काहीच न बोलणाऱ्या मीटरचं बोलणं असं कुणी ऐकलेलं बघितलं नव्हतं. कमजोर वीज असणार, येते जाते, मीटर धड उठतही नाही आणि मरतही नाही. कुणाचा तरी लहानसा इन्व्हर्टर. लहान असला तरी डीपीतून उलटा गेला की तारेवर तो लहान राहत नाही.

तिने गाळणीत रिकाम्या जागेची सोय केली. पुन्हा चालवलं. घरं जुळली, आणि वेळही वाढला नाही म्हणण्याइतकाच वाढला. सक्सेनाजींनी नियम ठेवले. ते जाताना मृणालला म्हणाले की अच्छा हुआ रुक गए, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

त्यानंतर इतर शहरांची कामं त्याच पाइपलाइनवर आली. मृणाल आता गटाची प्रमुख आहे. तिच्या हाताखालची पोरं कस्टम फंक्शन लिहायच्या आधी विचारतात की हे मशीनला आपलं आपण येतं का, आणि येत असेल तर लिहीतच नाहीत. मला आठवड्यातून तीन दिवस बोलावतात. शिवप्रसादच्या वेळी हे असतं तर, असं मनात येतं. ते काही बदलणार नाही. पण भगीरथच्या गँगमध्ये दोन नवे लाइनमन आलेत, तिशीच्या आतले, आणि सकाळी निघताना ते आधी मोबाइल उघडून आमचं उत्तर बघतात. हे मी स्वतः बघितलंय.

आता त्या घराचं सांगतो, मग संपवतो. ज्या दिवशी घरं जुळली, त्याच संध्याकाळी मी भगीरथला विचारलं की उद्या काम कुठे आहे. सोनागिरीतच होतं, त्याच डीपीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गँगच्या आधी तिथे पोहोचलो आणि त्या घराची बेल वाजवली. बनियनवर एक गृहस्थ आले, तोंडात ब्रश. मी सांगितलं की तुमच्याकडून लाइनीत वीज येते. ते म्हणाले की आमच्याकडे जनरेटर नाही, कधीच नव्हता, आणि तुम्ही कोण. मी म्हटलं मी लाइनमन. माझ्या वयाकडे बघून त्यांनी मला आत घेतलं. आत त्यांच्या मुलाने ई-रिक्षाच्या जुन्या बॅटरीवर एक छोटा इन्व्हर्टर बसवला होता आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली एक वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली होती, म्हणजे लाइन गेली की पुऱ्या घराला पंखा मिळावा. मेन स्विच तसाच चालू. मी मेन स्विच पाडला, वायर उपटली आणि खाली जमिनीवर मीटरपाशीच बसलो. गृहस्थ म्हणाले अंकल, खुर्ची घ्या. मी म्हटलं चहा द्या. मग भगीरथला फोन केला आणि चढायला सांगितलं.

त्यांची बायको चहा घेऊन आली, मुलगा झोपेतून उठून आला. मी त्याला समोर बसवला आणि त्याची वीज कुठून कुठे जाते ते सांगत राहिलो, खिडकीतून खांब दाखवून. वर माणसं दिसत होती. तो आधी मोबाइल बघत होता, मग नुसता खिडकीतून बघायला लागला. चहा दोनदा झाला. ऊन वर आलं. मग भगीरथ स्वतः दारात आला, पट्टा अजून कमरेला, आणि म्हणाला, "सब उतर आए, दादा."

तेव्हा मी उठलो.